जॉनीने जपलेला पाना

मरोळ गावठाणातल्या जॉनीने मे महिन्यातल्या एका सकाळी चहा पिता पिता जाहीर केलं, "चेनसॉ मीच दुरुस्त करणार. मिस्त्रीबिस्त्री काही नको."

बायकोने, म्हणजे एव्हलिनने, कप खाली ठेवला. "अकरा वाजता जानकी येतेय मसाला करायला. चुलीला लाकूड नाही मिळालं तर ती पुढच्या घरी जाईल, ती थेट पुढच्या मे महिन्यात उगवेल. वर्षभर मटणात काय घालू, तुझं डोकं?"

गॅसवर भाजा म्हणायची जॉनीचीही हिंमत नव्हती. मसाला चुलीवरच भाजायचा, ही त्याच्या मम्मीची रीत. मम्मीच्या वेळी अख्खी गल्ली एकाच दिवशी मिरचीने खोकायची आणि खोकत खोकत एकमेकींच्या घरी वर्षभराचा मसाला बाटल्यांत ठासून भरायला जायची. आता चूल पेटवणारं हे एकच घर उरलं होतं.

परसात चिंचेची वाळलेली फांदी पडली होती आणि कॅनडाला गेलेल्या मेहुण्याची लाकूड कापायची चेनसॉ घरात होती. तिची फक्त साखळी निसटली होती.

जॉनीने साकीनाक्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली, हे खरं. पण टूलरूमचा स्टोअरकीपर म्हणून. कामगाराचा पितळी बिल्ला ठेवून घ्यायचा, हत्यार द्यायचं, संध्याकाळी हत्यार घेऊन बिल्ला परत करायचा. त्याच्याकडून एकही पाना कधी हरवला नाही. (एकही पाना त्याने कधी फिरवला नाही, पण ते कुणी विचारलं नाही.) पक्कडीने नट खोलणाऱ्याला तो सगळ्यांसमोर झापायचा. कारखान्याच्या जागी काचेची इमारत आली, तरी रिक्षा तिथून गेली की त्याला त्या ग्रीसच्या वासाची आणि त्या भांडणांची फार आठवण यायची.

तोच जॉनी आता पक्कडीने नट खोलत होता. नट घसरला म्हणून कोयत्याच्या मुठीने ठोकला. साखळी ताणायला लोण्याची सुरी घेतली, ती वाकली, मग उलथणं घेतलं.

"अरे, ते माझं उलथणं!"

"तात्पुरतं इश्यू केलंय गं."

मशिन सुरू झालं. काय तो आवाज! शेजारचा लवू गॅलरीत आला. "जॉनी, विमान उडवतोस काय रे?"

धूर भरपूर निघाला. फांदी मात्र कापली न जाता नुसती चकाकायला लागली.

अकराला जानकीबाई आली. तिचे मुलगे जव्हारकडे झाडं तोडायच्या कामावर. तिने एकदाच वाकून बघितलं. "दादा, साखळी उलटी बसवलीय. दात मागे बघतायत. मशिनचा पाना कुठंय?"

"पेटीत."

"मग?"

पाना तेल लावून, मेणकागदात गुंडाळून कुलपात ठेवलेला होता. "नवा आहे," तो हळूच म्हणाला. "खराब झाला तर?"

एव्हलिनने कमरेवर हात ठेवले. "यंदा मिरच्या भाजायच्या, की तुझा पाना?"

जॉनीने कुलूप काढलं. पाना देताना सवयीने त्याचा दुसरा हात बिल्ल्यासाठी पुढे झाला. जानकीबाईने त्यात आपली पिशवी ठेवली.

दहा मिनिटांत साखळी सुलटी झाली आणि अर्ध्या तासात फांदीचे तुकडे पडले. चूल पेटली, खापरात मिरच्या तडतडल्या, लवू खोकत खोकत खाली उतरला. जॉनीचे डोळे वाहायला लागले. मिरची लागली म्हणाला, पण त्याला मम्मी आठवली होती आणि एव्हलिनला ते कळलं होतं.

संध्याकाळी मसाला कुटून झाला. जॉनी पाना पुसून ठेवायला गेला, तर पाना जागेवर नाही! एकतीस वर्षांत पहिल्यांदा हत्यार गेलं. तो धावत स्वयंपाकघरात आला. एव्हलिन बाटलीत मसाला ठासत होती. पान्याने.

"धुऊन घेतलाय," ती मान वर न करता म्हणाली. "बाटलीच्या तोंडातून कसला झकास जातो रे! हा आता इथेच राहणार. तुला लागला तर माझ्याकडे मागायचा. आणि संध्याकाळच्या आत आणून द्यायचा."