बोरकरकाकांची तीन पोटं

घरी आलेल्या पाहुण्याला लोक आधी पाणी देतात. आमच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यातले बोरकरकाका आधी तीन पोटं दाखवतात.

बैठकीत तीन फोटो ओळीनं टांगलेत. पहिला आजोबांचा, वर्ध्याकडून रायपूरला रेल्वेच्या कामाला आले तेव्हाचा. पोट पाठीला टेकलेलं. दुसरा वडिलांचा, पट्ट्यावरून जरासं ओसंडलेलं. तिसरा मुलाचा, लग्नातला. त्याच्याबद्दल कोटाची बटणंच काय ते सांगतात.

"शंभर वर्षांत काय झालं पाहा! आजा ज्वारीची भाकर न् जवसाची चटणी खाये. बापाच्या वेळी रेशनचा गहू आला, डब्यातलं वनस्पती तूप आलं. न् आमचं पोट्टं दिवसभर पाकिटं फोडून राहिलं. देश फुगून राहिला, विलास!"

हे बोलताना ते फोटोकडे बघत नाहीत. माझ्याकडे बघतात.

मी जाड आहे, कबूल. पण मी म्हणजे देश नव्हे! काकांना हे कोण सांगणार? भर गल्लीत थांबवून माझी थैली उघडतात. एकदा साक्षगंधाच्या पंगतीत त्यांनी माझ्या ताटातली जिलबी उचलून वाढणाऱ्याला परत दिली. "याले नको." मुलीकडचे सगळे बघत होते. वैताग नुसता! तेव्हापासून मी समोसे स्कूटरच्या डिकीत लपवतो आणि पंडरीच्या बाजारात उभ्यानं खातो. पंचेचाळिसाव्या वर्षी.

मागच्या वर्षी काकांनी घरात आजोबांचं जेवण सुरू केलं. भाकर, अंबाडीची भाजी, तेल नावाला. काकू बघता बघता बारीक झाल्या. काकांचा आनंद गगनात मावेना. "पाहा, ब्लाउज दोनदा आत घेतले!" हे त्यांनी साऱ्या मोहल्ल्याला ऐकवलं, माझ्या बायकोला तर दोनदा. काकू नुसत्या हसायच्या. "मले भूकच नाही लागत बाई," एवढंच म्हणायच्या.

एक दिवस देवळाच्या पायरीवर त्या चक्कर येऊन पडल्या. तपासण्या झाल्या, पोटात गाठ निघाली. कित्येक महिन्यांची. "पहले चार किलो वजन बढ़ाइए," डॉक्टर म्हणाले, "फिर दवा शुरू करेंगे." एवढ्या अशक्त अंगाला ते औषध झेपणार नव्हतं.

त्यानंतर काका आठवडाभर दिसले नाहीत. माझी थैली कोणी उघडली नाही, आणि खरं सांगतो, मला ते आवडलं नाही.

रविवारी सकाळी ते आमच्याकडे आले, हातात वही. आलं व्याख्यान, मी मनात म्हटलं.

"विलास, तू जाड कसा झाला?"

मी उखडलोच. "काका, आज तरी सोडा ना!"

"चिडू नको रे. खरंच विचारून राहिलो. मले फक्त बारीक करता येते. तिची भूक मरत होती, न् मी लोकायले ब्लाउज दाखवत होतो." त्यांनी पेन उघडलं. "चार किलो पाहिजेत. काय खातो, कोणत्या वेळी खातो, सगळं सांग. लपवू नको."

बायको तिथंच उभी होती. तरी मी सगळं सांगितलं. ऑफिसातली कचोरी सांगितली, जेवणानंतरची साय-साखरही सांगितली.

"साय-साखर कशी घेतो?"

"वाटीभर. भूक नसली तरी जाते."

त्यांनी लिहून घेतलं. "तिचं तोंड कडू होते म्हणते. तरी जाईल?"

"जाईल," मी म्हणालो. मला काय माहीत!

बायकोनं दुधावरची सगळी साय वाटीत काढली, वर साखर घातली. काकांनी वही बगलेत मारली, वाटी दोन्ही हातांनी धरली आणि सांडू नये म्हणून एकेक पायरी बघत जिना उतरले.