बेचाळीस घास

कार्यालयाच्या आवक-जावक विभागातले वरिष्ठ कारकून मंगळवारी दुपारी साडेतीन वाजता आपल्या खुर्चीत अडकले. खुर्ची हातांची होती. ती नवी आली तेव्हा दोन हातांमधलं अंतर पुरेसं होतं. अकरा वर्षांत अंतर तेवढंच राहिलं, कारकून तेवढे राहिले नाहीत. सहकारी त्यांना आवकराव म्हणत. टेबलावर बिस्किटं येवोत, वेफर्स येवोत की कुणाच्या वाढदिवसाचा केक, आवकेची नोंद तत्काळ होई. जावक मात्र नावालाच.

"मला उठता येत नाहीये," ते अधीक्षकबाईंना म्हणाले.

अधीक्षकबाईंनी चष्मा वर सरकवला. "खुर्ची कापायची तर आधी ती निरुपयोगी ठरवावी लागेल. तुम्ही तिच्यात बसलेले असताना ती निरुपयोगी आहे असं मी कसं लिहू?"

मुद्दा बिनतोड होता. आवकराव बसून राहिले. त्यांना एकटं वाटू नये म्हणून कुणी क्रीमची बिस्किटं आणली, कुणी बटाट्याचे तळलेले काप. सव्वापाचला भांड्यांच्या साबणाने ते एकदाचे सुटले, उभे राहिले आणि चक्कर येऊन पुन्हा बसले. या वेळी जमिनीवर.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. साखर अगदी काठावर येऊन ठेपली होती.

"सकाळी काय खाता?"

"वेळ नसतो."

"मग दुपारी?"

"फाइल बघता बघता समोर असेल ते."

"किती?"

"फाइल किती जाड आहे त्यावर."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "सध्या गोळ्या देत नाही. सकाळी घरी खाऊन निघा. दुपारी डबा, तोही फाइल मिटून. चारला एखादं फळ. चहा दोनच, आणि साखर अर्धी. संध्याकाळी पायी घरी या. पोट भरलं की थांबा."

"ते कसं कळतं?" आवकरावांनी विचारलं. ते थट्टा करत नव्हते. त्यांना खरोखरच आठवत नव्हतं.

घरी बायकोने रिपोर्ट दोनदा वाचला. तिचे वडील याच काठावरून घसरले होते. "हे सगळं मी दहा वर्षं सांगतेय," ती म्हणाली. "पाटीवर डॉक्टर लिहिलं नव्हतं, एवढीच माझी चूक." दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्यांना समोर बसवून खायला लावलं आणि हातात डबा दिला. पहिला आठवडा आवकरावांना फार जड गेला. चार वाजले की हात आपोआप ड्रॉवरकडे जाई आणि तिथे सफरचंद बघून ओशाळून परत येई.

इकडे घटनेची गंभीर दखल घेतली गेली होती. साहेबांनी 'आरोग्यपूर्ण आहार सवयी समिती' नेमली. अधीक्षकबाई अध्यक्ष झाल्या आणि आवकराव 'बाधित व्यक्ती' म्हणून सदस्य. समिती रोज चारला बसे. उपाहार नसेल तर बैठक नियमाला धरून होत नसल्याने प्रत्येक बैठकीला तळलेला एक, गोड एक आणि चहा अशी व्यवस्था होती. तळलेले पदार्थ बंद करावेत का, या विषयावर सदस्यांनी तळलेले पदार्थ खात सहा दिवस कडाक्याची चर्चा केली.

आवकरावांनी खिशातून सफरचंद काढलं.

"हे काय?" अधीक्षकबाईंनी विचारलं.

"चार वाजले."

"समितीने अजून फळांची शिफारस केलेली नाही. आधीच खाल्लंत तर शिफारशीला अर्थ काय राहील?"

आवकरावांनी जिन्यात जाऊन सफरचंद खाल्लं. पुढे फळांची शिफारस झाली, निविदा निघाली, केळी आली. पोचपावतीवर सही होईपर्यंत ती काळी पडली. काळी केळी वाटणं नियमात बसेना आणि मंजूर केळी फेकणंही बसेना, म्हणून ती जेवणाच्या खोलीत ठेवून खोलीला कुलूप लावलं. त्यामुळे सगळे पुन्हा आपापल्या टेबलावरच जेवू लागले, फाइल उघडी ठेवून.

या सगळ्यात आवकराव मात्र बारीक होत होते. जिन्यात बसून डबा खायचे, सावकाश. एके दिवशी अर्ध्यावर त्यांचा हात थांबला. पोट भरलं होतं. ही बातमी त्यांनी घरी आल्या आल्या सांगितली. उरलेला डबा बायकोने कौतुकाने पुन्हा पुन्हा उघडून बघितला.

चार महिन्यांनी साखर काठावरून मागे सरली. समितीने हे आपलं यश म्हणून अहवालात घातलं आणि साहेबांनी सत्कार ठरवला. टेबलावर तीन थरांचा केक होता. त्यावर आवकरावांचं घटलेलं वजन क्रीमने लिहिलं होतं, किलो आणि ग्रॅमसह. त्यांना सोडून कर्मचारी बेचाळीस. प्रत्येकाने स्वतःच्या हाताने एक घास भरवावा, असं परिपत्रकच निघालं होतं.

पहिला घास साहेबांचा. आवकरावांनी तो खाल्ला. दुसरा अधीक्षकबाईंचा, तोही खाल्ला. तिसऱ्याच्या वेळी त्यांनी हात जोडले. "आता नको."

"अहो, एकाने काय होतंय?"

"मागे एकोणचाळीस उभे आहेत."

"त्यांचाही एकेकच आहे," अधीक्षकबाई समजुतीने म्हणाल्या.

आवकराव हात जोडून उभे राहिले. रांग थबकली. कुणीतरी पुटपुटलं, "आजारी होता तेव्हा माणूस बरा होता."

दुसऱ्या दिवशी त्यांना नोटीस मिळाली: चाळीस सहकाऱ्यांच्या भावनांचा अवमान का केला, याचा तीन दिवसांत खुलासा करावा. आवकरावांनी त्याच दिवशी एका ओळीत खुलासा दिला. 'मला भूक नव्हती.' हे कारण ग्राह्य कारणांच्या यादीत नसल्याने त्यांची वार्षिक वेतनवाढ रोखली गेली. बायकोला कळलं तेव्हा ती म्हणाली, "रोखू देत. तुम्ही आहात ना."

वाचक या कार्यालयाला हसले असतील. हसायलाच हवं. फक्त गेल्या रविवारी आपल्याकडे एक पाहुणे आले होते. ताटावर आडवा हात धरून ते तीनदा "नको" म्हणाले. त्यांच्या बोटांच्या फटीतून वाढलं, ते आपणच.