गेणू तरसाची बाजू

मुलांनो, एका जंगलात गायला परवानगी लागत असे. ती कोकिळेला मिळे, बुलबुलाला मिळे आणि सिंह राजेसाहेबांच्या मेहुण्याला न मागता मिळे. बाकीच्यांनी ऐकायचं, असा नियम होता.

हा नियम दोन टोळ्यांनी मोडला. एक साळिंदरांची, तिचं नाव 'काटेकोर'. दुसरी तरसांची, तिचं नाव 'ठणाणा'. काटेकोरमध्ये तुळशा साळिंदर ओरडायचा आणि ठणाणामध्ये गेणू तरस. ओरडायचा असंच म्हणायला हवं, कारण ते स्वतःही त्याला गाणं म्हणत नसत. एकेक गाणं अर्ध्या मिनिटाचं. तेवढ्यात राजाला शिव्या देऊन व्हायच्या आणि पहारेकरी यायच्या आत पळताही यायचं.

पुढे शहाण्या प्राण्यांनी या प्रकाराला 'हार्डकोर पंक' असं नाव दिलं. करणाऱ्यांना ते माहीत नव्हतं. असतं तर त्यांनी त्यालाही शिव्या दिल्या असत्या.

दोघांचं फारसं पटत नसे. गेणूची गाणी फार सावकाश आहेत, असं तुळशा म्हणे. तुळशाचं गाणं सुरू कधी झालं आणि संपलं कधी तेच कळत नाही, असं गेणू म्हणे. पण अख्खी तबकडी भरेल एवढी गाणी दोघांकडेही नव्हती. तेव्हा ठरलं, लाखेची एकच तबकडी काढायची. एक बाजू साळिंदरांची, एक बाजू तरसांची.

तबकड्या निघाल्या दीडशे. त्यांवर गोल लेबलं चिकटवायचं काम तुळशानं घेतलं, कारण आपला हात फार नीट आहे असा त्याचा दावा होता. धावड्याच्या डिंकानं त्यानं दुपारभर लेबलं चिकटवली. सगळी मधोमध. एकही वाकडं नाही. आणि सगळी उलट बाजूला. साळिंदरांचं लेबल तरसांच्या गाण्यांवर, तरसांचं साळिंदरांच्या.

पहिली तबकडी लावताच गेणूच्या ते ध्यानात आलं. तो हसला. तरस हसलं की टेकडीपलीकडे ऐकू जातं. तुळशा लेबलं खरवडायला बसला, तर त्यानं त्याला थांबवलं.

"राहू दे रे. ऐकणारा दोन्ही बाजू ऐकणारच की. कोण कुठला ते आवाजावरनं कळंल."

मुलांनो, गेणूचा ऐकणाऱ्यांवर फार विश्वास होता.

ऐकणाऱ्यांनी एकच बाजू ऐकली. लेबलावर साळिंदर होतं त्या बाजूनं त्यांना वेड लावलं. तबकडी उलटायचे कष्ट फारसे कुणी घेतले नाहीत. ज्यांनी घेतले त्यांनी तरसांचं लेबल पाहून आधीच नाक मुरडलं. बघता बघता जंगलात ओरडणाऱ्या शंभर टोळ्या झाल्या आणि प्रत्येक टोळी सांगू लागली, आम्ही काटेकोरवर वाढलो. कोल्ह्यांच्या पोरांनी पाठीला खोटे काटे बांधले. डॉ. बगळे यांनी एका पायावर उभं राहून प्रबंध लिहिला. 'बिळातला अंधार' या गाण्यात साळिंदराच्या बिळातला अंधार कसा ठासून भरला आहे, हे त्यांनी चाळीस पानांत सिद्ध केलं. प्रत्यक्षात ते गाणं गेणूच्या दुखऱ्या दाढेवर होतं.

तुळशानं सुरुवातीला दोन-चार जणांना खरं सांगून पाहिलं. पुढे प्राणी वाटेत थांबून नमस्कार करू लागले, तेव्हा सांगणं जरा लांबणीवर पडलं. गेणूनं कधी तक्रार केली नाही. पाणवठ्यावर भेटला की एवढंच विचारायचा, "काय तुळशा, माझं गाणं कसं चाललंय तुझं?"

गेल्या उन्हाळ्यात गेणू गेला. जंगलात त्याची बातमी झाली नाही. तुळशा गुहेपर्यंत गेला, गेणूच्या बायकोजवळ, राहीजवळ, थोडा वेळ बसला आणि परत आला. त्यानंतर त्यानं ती तबकडी लावली नाही. सांगायचं राहिलेलं आता सांगायचं, एवढं मात्र ठरवलं.

संधी राजानंच दिली. ज्याला शिव्या दिल्या तो राजा केव्हाच वारला होता. त्याच्या मुलानं, आपण लहानपणी पांघरुणात तोंड खुपसून ती तबकडी ऐकत असू, असं जाहीर केलं आणि तुळशाला 'वनभूषण' दिलं. तुळशानं सत्काराला राहीला मुद्दाम बोलावलं. हरणं बिचकू नयेत म्हणून तिला पार मागं, जांभळीखाली बसवण्यात आलं.

राजानं शाल घातली. ती काट्यांत अडकली आणि मग निघेना. कर्ण्यांतून 'बिळातला अंधार' सुरू झालं. गेणूचा आवाज. मधे तो दम घ्यायचा ती जागा आली. तुळशानं मान खाली घातली. पुढच्या रांगेतली सांबरीण शेजारणीला म्हणाली, स्वतःच्याच गाण्यानं बघ कसे हेलावलेत.

मग तुळशा बोलायला उभा राहिला.

"हा आवाज माझा नाही. गेणू तरसाचा आहे. लेबलं मी चुकीची लावली आणि जन्मभर ती चूक मिरवली. हा मान त्याचा. त्याची बायको मागं बसलीय, तिला द्या."

डॉ. बगळे यांनी वर धरलेला पाय खाली टेकला.

"मित्रहो, आपल्या निर्मितीवरचा हक्क सोडून देणं, हेच तर खरं काटेकोर. या वयात एवढा विनय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. तुळशा म्हणाला, दुसरी बाजू लावून पाहा. लावली. तिच्यात तुळशा होता, तरुण आणि घाईत. राजानं जांभई दिली. तरसांची बाजू कच्ची असल्याचं आपण प्रबंधात नोंदवलंच आहे, असं डॉ. बगळे यांनी सांगितलं. आपल्या गाण्यावरचं खरं मत तुळशानं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं, आणि खरं सांगायचं तर ते त्याला झोंबलं.

कोल्ह्यांची पोरं 'बिळातला अंधार'साठी हटून बसली. तुळशानं ते कधी म्हटलं नव्हतं, पण शेजारी उभं राहून शेकडो वेळा ऐकलं होतं. त्यानं सुरुवात केली. गळा किरटा निघाला. दम घ्यायच्या जागेवर तो थांबला आणि पुढची ओळ त्याच्याच्यानं म्हणवेना.

ती ओळ जांभळीखालून आली. राहीनं उचलली होती. तोच घोगरा, फाटका, तरसाचा गळा. हुबेहूब तबकडीतला.

राजाच्या कपाळाला आठी पडली. तो पहारेकऱ्यांना म्हणाला, "त्या तरसिणीला बाहेर काढा. मूळ कलावंतासमोर त्याची नक्कल करते."

राहीला बाहेर काढलं. तुळशा व्यासपीठावरून उतरला आणि शालीसकट तिच्यामागं चालू लागला. त्याला कुणी अडवलं नाही. तोवर पहिली बाजू पुन्हा लावली होती, आणि सगळे डोळे मिटून तुळशाला ऐकत होते.

तात्पर्य : मुलांनो, नेहमी खरं बोलावं. शक्यतो व्यासपीठावरून बोलावं. तिथं बोललेल्या खऱ्यानं कुणाचंच काही बिघडत नाही.