पाण्यामागचे निंबार्तेजी

निंबार्तेजी पंगतीला आले की वधूपिता धास्तावायचा. ते फार खायचे म्हणून नव्हे. पहिला भात संपायच्या आत ते उठत, हात धुवायच्या जागी जात आणि तिथून सांडपाण्याची धार धरून चालू लागत. मांडवामागून, गोठ्याच्या कडेने, थेट शेजाऱ्याच्या कुंपणापर्यंत. परत येऊन वधूपित्याला विचारत, "का हो, हे पाणी कोठी जाऊन राहिलं, मालूम आहे का तुम्हाले?" त्या बिचाऱ्याला त्या घडीला नवरी कुठे बसली आहे तेही ठाऊक नसायचं.

हे आमच्या नगरपालिकेचे स्वच्छता निरीक्षक. आमचं गाव भंडारा जिल्ह्यातलं, तळ्याकाठचं, धानाच्या मिलांचं. सत्तरचं दशक सरत आलं होतं आणि मी परवाना शाखेत नवाच कारकून लागलो होतो. माझ्या शेजारच्या टेबलावर निंबार्तेजींची टोपी असे, टोपीखाली निंबार्तेजी क्वचितच. उंच, सडसडीत माणूस. विजारीचा उजवा पाय कायम गुडघ्यापर्यंत दुमडलेला, डावा सरळ. एकदा न राहवून कारण विचारलं.

"नालीत एकच पाय टाकावा लागते," ते म्हणाले. "दुसरा ऑफिसचा आहे, त्याले कोरडा ठेवतो."

माझ्या बहिणीसाठी लाखांदूरला स्थळ पाहायला गेलो तेव्हा मीच त्यांना सोबत नेलं. वडीलधारं कोणी असावं म्हणून. पोह्यांच्या बशा आल्या आणि निंबार्तेजी गायब. मुलाचे वडील नोकरीचं सांगत होते, मी घामाघूम. अर्ध्या तासाने ते मागच्या दाराने आले, उजवा पाय चिखलाने भरलेला, चेहरा प्रसन्न. "सोयरीक पक्की करा," सगळ्यांसमोर म्हणाले. "न्हाणीचं पाणी हे लोक परसातल्या केळीले देतेत. वापरलेल्या पाण्याचा जे इचार करतेत, ते सुनेचाही करतीन." लग्न झालं. बहीण आजही त्यांचं नाव आदराने घेते.

मिलांचे परवाने दर वर्षी आमच्याकडून नवे करून घ्यावे लागत. पाणी घाण करणाऱ्या कारखान्यांसाठी सरकारचा नवा कायदाही आला होता, पण तो पाहणारे साहेब दूर नागपुरात. गावात कायद्याचे पाय म्हणजे निंबार्तेजींचेच दोन, त्यातला एक ओला.

त्या वर्षी गोविंदशेठच्या मिलमध्ये उष्णा तांदूळ सुरू झाला. त्याला धान मोठ्या टाक्यांत भिजवून मग वाफवतात, आणि भिजवलेलं पाणी बाहेर सोडतात. पिवळं, आंबट वासाचं. थोड्याच दिवसांत तळ्यातले मासे उलटे तरंगू लागले. तळ्यावर पोट असलेले ढिवर आमच्या कचेरीत आले. त्यांच्यातला म्हातारा डोमाजी म्हणाला, "साहेब, जाळं टाकाले गेलो तं मासे आधीच मेलेले. आमाले कामच नाही उरलं."

निंबार्तेजी टोपी घालून निघाले. मलाही ओढलं.

गोविंदशेठने आम्हाला खुर्च्या दिल्या, वर पंखा लावला. "निंबार्तेजी, आमचं पाणी तर आमच्याच शेतात जाते. तळ्याचा काय संबंध?"

"असंन," निंबार्तेजी म्हणाले आणि पिशवीतून कपड्यांना घालायच्या निळीचे पुडे काढले. "मंग ही नीळही तुमच्याच शेतात जाईन."

पुडे त्यांनी मिलच्या नालीत रिकामे केले. आम्ही निळ्या पाण्याची वाट पाहत होतो, पण पिवळ्यात निळं पडून झालं पोपटी हिरवं. निंबार्तेजी क्षणभर चकित झाले, मग खूश. "अजून बेस! असा रंग गावात दुसऱ्या कोणाच्या नालीत नाही."

आणि ते चालू लागले. मागे मी, माझ्यामागे शेठचे मुनीम, त्यांच्यामागे वाढत जाणारं गाव. हिरवं पाणी शेठच्या शेताच्या बांधापर्यंत गेलं, तिथे शहाण्यासारखं वळलं, रस्त्याखालच्या नळ्यातून पलीकडे निघालं आणि बैलबाजारामागून सरळ तळ्यात उतरलं. तळ्याकाठी एक म्हैस निवांत बसली होती. ती उठली तेव्हा पोटाखाली हिरवी. मुनीमजींनी मान खाली घातली. गाव हसलं. हसला नाही तो एकटा डोमाजी. तो त्या हिरव्या पाण्याकडे बघत उभा राहिला.

निंबार्तेजींनी अहवाल दिला: पाणी निवळायचे टाके बांधल्याशिवाय परवाना नाही. अध्यक्षांनी त्यांना बोलावून "थोडं सांभाळून घ्या" म्हटलं. "सांभाळूनच घेऊन राहिलो साहेब, तळ्याले," म्हणून ते बाहेर आले. परवाना अडला तो अडलाच.

शेठने ऐन हंगामात मिलला कुलूप लावलं आणि मिलमध्ये काम करणाऱ्या बायांना सांगितलं, तुमच्या पोटावर निंबार्तेनं पाय दिला. दुसऱ्या दिवशी त्या सगळ्या कचेरीच्या दारात. पुढे सगुणाबाई, आयुष्यभर मिलमध्ये तांदूळ पाखडलेली म्हातारी. "तुले मासे दिसले रे बाबू, आमची चूल नाही दिसली?" तिने त्यांच्या सात पिढ्या काढल्या. निंबार्तेजी उन्हात उभे राहून ऐकत होते. तिचं संपल्यावर म्हणाले, "पाणी पिऊन घे बाई. घसा सुकला तुया."

तिथून ते सरळ शेठकडे गेले. "टाके खणाचेच आहेत नं? मंग मिलच्याच बायांले लावा. जेवढ्या लवकर खणतीन, तेवढ्या लवकर सही." असं सांगायचा अधिकार त्यांना कोणत्याही कायद्याने दिलेला नव्हता. पण म्हशीचा रंग अजून गेला नव्हता, आणि शेठला हसू पुरे झालं होतं. काम सुरू झालं. टाके झाले, त्यांत चुना पडला, आणि निवळलेलं पाणी शेठच्याच शेतात नेऊन सोडलं. म्हणजे शेठ पहिल्या दिवशी बोलले ते आता खरं झालं.

परवान्यावर अध्यक्षांची सही दुपारच्या सुटीआधी झाली. बातमी सांगायला मी पहिल्यांदाच निंबार्तेजींच्या घरी गेलो. इतकी वर्षं कोणाच्या घरामागे काय आहे ते सांगणाऱ्या या माणसाच्या घरात काय आहे, हे आम्हा कोणालाच माहीत नव्हतं.

आतून आवाज आला, "मीठ कमी आहे रे बाबू." सगुणाबाईचा.

ओसरीवर चटई टाकलेली. सगुणाबाई आणि तिच्याच वयाच्या दोघी जेवायला बसलेल्या. टाके खणायला ज्यांचे हात चालत नव्हते, त्या तिघी. निंबार्तेजी चुलीपाशी, घामाने निथळत, हातात पळी. मला पाहून ओशाळले.

"बसा. असं आहे, एका माणसाचा भात मले जमत नाही. बायको गेली तेव्हापासून करून राहिलो, रोज जास्तच होते. मिल बंद झाली तवापासून ह्या येतेत, तं अन्न वाया जात नाही."

मी सांगितलं, सही झाली, उद्यापासून मिल सुरू. तिघींचे चेहरे उजळले. एकीने तर पदर डोळ्यांना लावला.

निंबार्तेजीही हसले. "चांगलं झालं. लय चांगलं झालं." मग पळी भातात तशीच राहिली. त्यांनी चुलीकडे बघतच विचारलं, "म्हणजे... उद्यापासून तुम्ही येणार नाही का?"

सगुणाबाईने ताटातला शेवटचा घास निपटून घेतला.

"सांजच्याले येऊ," ती म्हणाली. "पण भाजी मी करीन. तुया हातची आता खाववत नाही."

निंबार्तेजींनी मान हलवली, आणि कोणी मागितला नसताना तिच्या ताटात आणखी भात वाढला.