दोन पांढऱ्या गाड्या आणि एक सासूबाई

"तुम्ही फक्त गाडीत बसायचं! बाकी सगळं माझ्यावर सोडा!"

चष्मेवाल्यांनी ही घोषणा केली तेव्हा जेवणाच्या टेबलावर अख्खा समुद्रकिनारा पसरला होता. म्हणजे त्याचा नकाशा. त्याची टोकं गुंडाळली जाऊ नयेत म्हणून एका कोपऱ्यावर साखरेचा डबा होता, दुसऱ्यावर इस्त्री आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांवर बायकोचे हात. त्यामुळे बायकोला उठताही येत नव्हतं!

चौकात त्यांचं चष्म्यांचं दुकान. गल्लीत त्यांना नावाने हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं, सगळ्यांचे ते चष्मेवाले. माणूस दिलदार, पण एखादी गोष्ट मनावर घेतली की घरादाराला घाम फोडायचा. या वेळी त्यांनी सासूबाईंना समुद्र दाखवायचं मनावर घेतलं होतं. सासूबाईंनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. सासरे होते तोवर "पुढच्या सुट्टीत नक्की" म्हणत राहिले, मग तेही गेले आणि सुट्टीही.

"हे वळण बघा," चष्मेवाल्यांनी नकाशावर बोट टेकवलं. "रस्ता टेकडीला वळसा घालतो आणि समुद्र एकदम अंगावर येतो! त्याआधी तुम्ही डोळे मिटायचे. मी 'उघडा' म्हटलं की उघडायचे!"

"आणि मला झोप लागली असली तर?" सासूबाईंनी विचारलं.

"तर मी उठवीन!"

"वाटेत चहाला कुठे थांबायचं?" बायकोने विचारलं.

"कुठेही नाही! थेट दीपगृहाजवळचं हॉटेल! थांबलं की प्रवासाची लय जाते."

"माझे हात काढू का आता?" बायको म्हणाली.

निघायच्या दिवशी सकाळी भाड्याच्या गाड्यांच्या ऑफिसातला माणूस किल्ली देऊन गेला. "पांढरी आहे, खाली लावलीय," एवढं बोलून तो घाईत निघूनही गेला. चष्मेवाले दोन्ही हातांत बॅगा आणि काखेत उशी घेऊन खाली उतरले. दारासमोर पांढरी गाडी उभी होती. किल्लीचं बटण दाबलं, कुठेतरी 'टुक' वाजलं, गाडीचं दार उघडलं. आणखी काय बघायचं?

बघायला हवं होतं! पलीकडे दुधाच्या टेम्पोआड दुसरी पांढरी गाडी उभी होती आणि 'टुक' तिने केलं होतं. समोरची गाडी मुळात उघडीच होती, कारण तिचा ड्रायव्हर काच पुसायला पाणी आणायला गेला होता. लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढण्यात या माणसाची हयात गेली, पण गाडीचा नंबर बघणं काही सुचलं नाही!

सामान डिकीत गेलं. सासूबाई मागच्या सीटवर बसल्या. आनंदाने रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता, त्यामुळे उशीला डोकं टेकताच घोरू लागल्या. चष्मेवाले गॅस बंद आहे का बघत बसलेल्या बायकोला आणायला वर गेले.

खाली आले तर टेम्पो गेलेला, पांढरी गाडी जरा पुढे सरकलेली!

"हँडब्रेक लावला नव्हता का?" बायको म्हणाली.

चष्मेवाल्यांनी मागचं दार उघडलं. सीट रिकामी. डिकी उघडली. रिकामी. त्यांनी पुन्हा सीटखाली वाकून पाहिलं, जणू सासूबाई म्हणजे पडलेलं पेन!

तेवढ्यात समोरच्या इमारतीतून एक उंच, ताठ बाई आल्या, मागच्या सीटवर बसल्या आणि मांडीवर पर्स ठेवून म्हणाल्या, "उशीर केलात. चला, दीपगृहाला."

"तुम्ही कोण?" चष्मेवाले ओरडले.

"मी हेडबाई. निवृत्त. आणि ड्रायव्हरने ओरडायचं नसतं."

गल्लीत नव्याने राहायला आलेल्या हेडबाई दीपगृहाजवळ राहणाऱ्या लेकीकडे निघाल्या होत्या आणि त्यांनी त्याच ऑफिसातून ड्रायव्हरसकट गाडी मागवली होती. चष्मेवाल्यांनी ऑफिसला फोन लावला.

"काळजी करू नका," पलीकडचा आवाज गोड होता. "वयस्कर बाई, बरंच सामान, सगळं व्यवस्थित घेऊन आमचा ड्रायव्हर वेळेवर निघालाय!"

"अहो, ती माझी सासू आहे!"

"अरे वा! मग तर तुम्ही अगदी निर्धास्त राहा!"

ड्रायव्हर फोन उचलेना. गाडी चालवताना फोनला हात लावत नाही, फार शिस्तीचा माणूस आहे, असं ऑफिसने अभिमानाने सांगितलं. सासूबाईंचा फोन लावला तर तो बायकोच्या पर्समध्ये वाजला. रात्री चार्जिंगला लावून तिनेच उचलून ठेवला होता.

"आईला पळवलं!" बायकोला रडू फुटलं.

"कुणी पळवलेलं नाही. त्या माझ्या गाडीतून माझ्या लेकीकडे चालल्या आहेत," हेडबाई म्हणाल्या. "आपण मागून जाऊ. पट्टा लावा. आरशात बघा. हां, निघा!"

चष्मेवाले निघाले. जन्मात एवढ्या वेगात त्यांनी गाडी हाकली नव्हती. पांढरी गाडी दिसली की पाठलाग! एका पांढऱ्या गाडीला गाठून ते खिडकीतून "सासूबाई!" असे ओरडले, तर आत टक्कल पडलेले दोन गृहस्थ घाबरून एकमेकांना बिलगले. दर वळणावर मागून शेरा येई, "हॉर्न कमी. खांदे सैल. हं, हे वळण बरं घेतलंत." आणि आश्चर्य म्हणजे तेवढ्यानेही चष्मेवाल्यांना बरं वाटे.

टेकडीच्या त्या वळणावर चहाची टपरी होती. चष्मेवाल्यांनी करकचून ब्रेक मारला.

"एक आजी दिसल्या का? पांढऱ्या गाडीत?"

"त्या होय!" टपरीवाला खुलला. "डोळे घट्ट मिटूनच उतरल्या हो! म्हणाल्या, जावयाने सांगितलंय, तो म्हणेल तेव्हाच उघडायचे. ड्रायव्हरने हात धरून कठड्यापर्यंत आणलं. बराच वेळ तशाच उभ्या. शेवटी ड्रायव्हर म्हणाला, 'आजी, उघडा की आता!'"

"मग?" चष्मेवाल्यांचा आवाज बारीक झाला.

"मग काय! हसताहेत की रडताहेत ते कळेना. इथल्या सगळ्या गिऱ्हाइकांना चहा पाजला त्यांनी!"

चष्मेवाले टपरीच्या बाकावर मटकन बसले. तो 'उघडा' त्यांनी आंघोळ करताना कितीदा म्हणून पाहिला होता! हेडबाईंनी पहिल्यांदाच काही न सुधारता त्यांच्या हातात चहाचा ग्लास दिला.

पुढे धक्क्यावर कळलं की आजी होडीतून फेरी मारून गेल्या. त्याच्याही पुढे शंखशिंपल्यांच्या दुकानात कळलं की आजींनी मोठा शंख कानाला लावला आणि त्याच्याशी गप्पा मारल्या. जिथे थांबण्याजोगं होतं तिथे तिथे सासूबाई थांबल्या होत्या!

दीपगृहाखालच्या वाळूत अखेर त्या सापडल्या. गुडघाभर पाण्यात उभ्या, हातात चपला, आणि लाट आली की शाळेतल्या पोरीसारखी किंकाळी! काठावर त्यांची उशी सांभाळत ड्रायव्हर उभा होता.

"आई!" बायको चपलांसकट पाण्यात धावली.

"आलात? किती हा उशीर!" सासूबाई म्हणाल्या. "मला जाग आली तर पुढे हे गृहस्थ. म्हटलं, आमची माणसं कुठायत? तर म्हणाले, तिकडेच भेटतील. मी ओळखलं, जावईबापूंनी खास माझ्यासाठी ड्रायव्हर ठेवला! एवढा खर्च कशाला केलात हो?"

चष्मेवाल्यांनी तोंड उघडलं. मग बायकोकडे पाहिलं. मग मिटलं.

"वाटेत समुद्र कसा दिसला तुम्हाला?" सासूबाईंनी विचारलं.

तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं. सबंध किनारा त्यांनी पांढऱ्या गाड्या बघण्यात घालवला होता! समुद्र पाहिलाच नव्हता!

"अरे देवा! मग या इकडे, मी दाखवते," असं म्हणून सासूबाईंनी त्यांचा हात धरला आणि जावयाला पाण्यात ओढलं. लाट आली, पँट भिजली, किंकाळी फुटली. या वेळी ती चष्मेवाल्यांची होती!

हेडबाईंनी आपली गाडी लेकीकडे आठवडाभर ठेवून घेतली. ड्रायव्हर बसने परतणार होता. सासूबाईंना ते कळलं आणि त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

"बस कशाला? उद्यापासून आमची गाडी तुम्हीच चालवा! जावईबापू मागे बसतील. बिचारे दमलेत."

"अगदी छान होईल!" बायको इतक्या चटकन म्हणाली की चष्मेवाल्यांना जरा लागलंच.

ड्रायव्हरने डोक्यापासून पायापर्यंत ओल्या झालेल्या चष्मेवाल्यांकडे नीट पाहिलं आणि सासूबाईंना हळूच विचारलं, "आजी, मागे बसल्यावर यांना गाडी लागते का हो?"

"काय माहीत बाबा," सासूबाई म्हणाल्या. "एखादी पिशवी जवळ असू द्या!"