मुळगावच्या फोनचं मूल्यमापन

मुळगावच्या अंगणवाडीतला सरकारी फोन सोमवारी अपडेट झाला. तोवर त्याची बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरायची. आता ती अकराला मान टाकू लागली. मुलांच्या जेवणाचा फोटो ॲपवर साडेअकराला चढवायचा असे. त्यामुळे अठरा मुलं रोज उसळ-पाव खात होती आणि सरकारदरबारी मुळगावात एकही मूल उरलं नव्हतं.

फोन तोवर बंद ठेवावा, तर नऊपासून तो चालू नसल्यास सेविकाच गैरहजर ठरे. चार्ज करावा, तर केंद्रातला प्लग जूनपासून मंजुरीच्या प्रतीक्षेत होता.

चौथ्या दिवशी सेविका प्रभावतीला नोटीस आली : लाभार्थी शून्य असल्याने केंद्र बंद का करू नये?

ती तडक डिचोलीला गेली. तालुका कार्यालयातल्या गुरुदास साहेबांनी सहानुभूतीने ऐकून घेतलं.

"अपडेटनंतर बॅटरी लगेच जोखायची नसते, बाय. सात दिवस द्यायचे. फोन शिकत असतो."

"तो शिकेपर्यंत माझी अठरा भुरगी कुठे दाखवू?"

"त्यासाठी निरीक्षण करू."

निरीक्षणाचा नियम असा : दर दहा मिनिटांनी फोन उघडायचा, बॅटरीचा आकडा पाहायचा आणि त्याच फोनवरून कळवायचा. प्रभावतीने इमानाने कळवला. फोन साडेनऊलाच बंद पडू लागला.

आठव्या दिवशी साहेब स्वतः आले. मुलं पंगतीत जेवत होती. एकीने उसळीचा हात त्यांच्या पँटला पुसला.

"सायबा, आता तरी मोजा," प्रभावती म्हणाली.

"मला दिसतायत गो. ॲपला दिसायला हवीत."

मग निरीक्षण समितीचा अहवाल आला : 'फोन बंद असलेल्या वीस तासांत बॅटरीचा वापर शून्य नोंदला गेला. सबब, सुधारणा उल्लेखनीय आहे. मुलांबाबत अभिप्राय देणे समितीच्या कक्षेत येत नाही.'

नोटिशीची मुदत संपून केंद्र बंद होण्याच्या आदल्या दिवशी प्रभावतीने फोन पिशवीत बंदच ठेवला. गैरहजर तर गैरहजर. साडेअकराला तिने तो सुरू केला. रात्री वीज गेल्याने चार्जिंग अर्धवटच होतं; ॲप उघडेपर्यंत सहा टक्के उरले आणि पडद्यावर प्रश्न उगवला : आपल्या तक्रारीच्या निवारणाबाबत आपण समाधानी आहात का? 'नाही' दाबल्यास अकरा रकान्यांचा अर्ज उघडणार होता. 'होय' दाबल्यास थेट कॅमेरा.

तिने दात आवळून 'होय' दाबलं. फोटो गेला. अठराही मुलं सरकारला दिसली, केंद्र वाचलं.

तिच्या समाधानाच्या आधारे तेच अपडेट पेडणे तालुक्यातल्या सगळ्या केंद्रांना देण्यात आलं. आठवड्याने तिथल्या एका सेविकेचा, भाग्यलक्ष्मीचा, संतप्त फोन आला. "प्रभावतीबाय, तू 'होय' दाबलंसच कसं?"

"दाबलं खरं. पण तू सांग, तू 'नाही' शेवटचं कधी दाबलं होतंस?"

तेवढ्यात पलीकडची बॅटरी संपली. उत्तर आपल्याकडे असल्यास कळवावे.