गणिताच्या सरांची गाठ

शनिवारी दुपारी शाळेच्या सभागृहात शिक्षकांची कार्यशाळा होती आणि ती खेळाच्या बाई घेणार होत्या. हे कळल्यावर गणिताच्या सरांनी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सोबत घेतला. आजवर बाहेरून पाहुणे येत, पडद्यावरचं वाचून दाखवत, आणि तेवढ्यात सरांचा एक वर्ग तपासून होई. शाळेतल्याच कुणी कार्यशाळा घ्यायची ही पहिलीच वेळ. मुख्याध्यापिकांनी बाईंना बजावलं होतं, की हीही वाया गेली तर यापुढे शनिवारची दुपार परीक्षेच्या कामाला जाईल.

बाईंनी खपून आखणी केली होती. विषय होता ‘न येणाऱ्या मुलाला काय वाटतं’. भाषण मात्र अजिबात नव्हतं. त्यांनी प्रत्येकाच्या हातात दोरी दिली आणि जोड्या लावल्या. गणिताच्या सरांच्या वाट्याला कुणी उरलं नाही, तेव्हा मुख्याध्यापिका स्वतः त्यांच्याशेजारी बसल्या. दोरी कमरेभोवती घ्यायची आणि जोडीदाराच्या दोरीला अशा गाठीनं जोडायची, की एका झटक्यात सुटेल. बाईंनी ती गाठ मारून दाखवली, पण सगळ्यांकडे पाठ करून, भराभर, एकदाच. मग वळून त्यांनी विचारलं, “समजलं ना?”

सगळ्यांनी माना डोलावल्या. गणिताच्या सरांनी जरा जास्तच.

थोड्याच वेळात सभागृहात गोंधळ माजला. भाषेच्या सरांची गाठ हात लावायच्या आधीच सुटली. विज्ञानाच्या बाईंनी दोरीत स्वतःच्या पर्सचा पट्टाही घेतला होता. गणिताचे सर मात्र कुणाकडे न बघता काम करत होते. जिथे शंका आली तिथे त्यांनी आणखी एक वेढा घातला आणि ओढून घट्ट केला. शंका बऱ्याच आल्या.

तेवढ्यात मुख्याध्यापिकांचा फोन वाजला. शाळेचे अध्यक्ष अचानक आले होते आणि कार्यालयात बसले होते. मुख्याध्यापिका लगबगीनं उठल्या, त्यामुळे सरांनाही उठावं लागलं. त्यांनी झटका दिला, सरांनी झटका दिला. गाठ आणखी आवळली. दोघं तसेच दारापर्यंत गेले. मधल्या खांबाच्या एका बाजूनं त्या गेल्या आणि दुसऱ्या बाजूनं सर. मग दोघांना उलटं फिरून परत यावं लागलं. शेवटी मुख्याध्यापिकांनी फोनवर सांगितलं, की मी जरा अडकले आहे. अध्यक्ष समजूतदार होते. ते म्हणाले, मग मीच तिकडे येतो.

मुख्याध्यापिकांनी घाईघाईनं कात्री मागवली. ती आली, पण सरांनी गाठीवर हात ठेवला.

“कापू नका,” ते म्हणाले. “माझं उत्तर आहे ते.”

खेळाच्या बाई त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या. ती गाठ त्यांनी चुटकीसरशी सोडवली असती. बोटं शिवशिवत होती म्हणून त्यांनी हात पाठीमागे धरले.

“सर, शेवटचं टोक कुठून गेलं?”

“दिसलं नाही.”

“दिसलं नाही, की कळलं नाही?”

सरांनी गाठीवरचा हात काढला. “कळलं नाही,” ते म्हणाले.

हे शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेले नव्हते.

“मग मान का हलवलीत?”

“सगळ्यांनी हलवली म्हणून.”

कुणी हसलं नाही. विज्ञानाच्या बाई आपल्या पर्सकडे बघत बसल्या. खेळाच्या बाई एकेक प्रश्न विचारत गेल्या, सर एकेक वेढा मागे घेत गेले. अध्यक्ष कधी दारात येऊन उभे राहिले ते कुणाला कळलंच नाही. गाठ सुटली तशी पहिली टाळी त्यांनीच वाजवली. कोपऱ्यातला उत्तरपत्रिकांचा गठ्ठा संध्याकाळी होता तसाच घरी गेला.

सोमवारी मधल्या सुट्टीत सर मैदानावर आले. मैदानावर त्यांना पाहून मुलांनी खेळ थांबवला. उद्या सातवीच्या तासाला येऊन मागे बसाल का, मी कुठे घाई करतो ते सांगा, असं त्यांनी बाईंना हळूच विचारलं.

बाईंचा चेहरा उतरला. “सर, खरं सांगू? समीकरण मला अजूनही कळत नाही.”

“म्हणून तर तुम्हाला विचारतोय,” सर म्हणाले. “विज्ञानाच्या बाईंना सगळं कळतं. त्यांचा मला काय उपयोग?”

मंगळवारी बाई मागच्या बाकावर अंग चोरून बसल्या. सरांनी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या, तिसरी लिहायला घेतली, आणि मागून बाईंचा हात वर झाला. सगळा वर्ग वळून बघायला लागला. मग खिडकीजवळचा एक हात वर झाला, त्याच्यामागचा झाला, आणि बघता बघता अर्धा वर्ग हात वर करून बसला.

सरांनी फळा पुसला. त्या तासाला एकच गणित झालं.